ऐकलेले गोल

सत्तरावं मिनिट लागलं तसं पुढच्या रांगेतल्या कडुबानं मान मागं वळवली आणि नेहमीच्याच सुरात म्हटलं, "चला काका, टाइम झाला." श्रीरंगरावही नेहमीसारखेच उठले. पाण्याची बाटली खुर्चीवर ठेवली, खिशातला रुमाल चाचपला, गुडघ्यांवर हात टेकून कंबर सरळ करायला घेतली, आणि तेवढ्यात शेजारी बसलेल्या ओवीनं त्यांच्या शर्टाची बाही धरली. झालं ते एवढंच. पाडव्याच्या सुटीला पुण्याहून आलेली पोरगी बापाबरोबर मॅच बघायला येते आणि बापाची बाही धरते, यात जगाला सांगण्यासारखं काही नाही. पण श्रीरंगराव अर्धे उठलेले आणि अर्धे बसलेले असे मधेच अडकले. कुठं निघालात, तिनं विचारलं. बाहेर, गेटावर, त्यांनी सांगितलं. का, तिनं विचारलं. आता या 'का'चं उत्तर तीन वर्षांत कुणी मागितलेलंच नव्हतं. सातव्या-आठव्या रांगेतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. "मी बाहेर गेलो की आपला गोल होतो," ते म्हणाले. म्हणाले आणि त्यांचं वाक्य त्यांनाच ऐकू आलं. अठ्ठावन्न वर्षांचा, पाटबंधारे खात्यातून सेवानिवृत्त झालेला, धरणातल्या पाण्याची पातळी सेंटिमीटरात टिपण्यात उभा जन्म घालवलेला माणूस भर उन्हात असं म्हणत होता. ओवी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिनं कडुबाच्या पाठीकडं पाहिलं, मग बापाकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे हे लोक तुम्हाला बाहेर काढतात?"

"बाहेर काढत नाहीत गं," श्रीरंगराव म्हणाले. "मान आहे तो."

मान तर मान. पण ज्या संघापायी हा मान मिळायचा त्याची गत म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. बावन्न दरवाजे एफसी! शहराला बावन्न दरवाजे, म्हणून संघालाही बावन्न दरवाजे. आणि त्यातला एकही मेला लागत नाही. बाहेरगावचे संघ यायचे, पाहुण्यासारखे आत शिरायचे, दोन-तीन गोल करून हात धुवून जायचे. गोलकीपर फकिरा हा सहा फूट दोन इंचांचा देखणा गडी, पण पेनल्टीला डावीकडंच उडी मारायची हे त्यानं आईच्या पोटातच ठरवून टाकलेलं. पुढं खेळणारा वैजापूरचा इंद्रजीत वाऱ्यासारखा पळायचा यात वाद नाही, फक्त तो चेंडूच्याही पुढं पळायचा आणि मग थांबून त्याची वाट बघायचा. तीन वर्षांत चार कोच झाले. प्रत्येकानं आल्या आल्या धीर धरा म्हणून सांगितलं आणि स्वतः मात्र धीर न धरता निघून गेला. दर रविवारी मॅच संपली की श्रीरंगराव गारखेड्याला घरी येऊन, पायातली चप्पल काढायच्या आत, फकिरापासून कोचापर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचे. आता पुन्हा म्हणून तोंड बघणार नाही यांचं, असं म्हणायचे. बायको म्हणायची, बरं. आणि पुढच्या रविवारी अडीच वाजल्यापासून ते संघाची डाळिंबी टोपी घालून, पंखा बंद करून, बाहेरच्या खोलीत तयार होऊन बसलेले असायचे. आजची तर मोसमातली शेवटची मॅच. जिंकली तर बावन्न वरच्या डिव्हिजनमध्ये राहणार, बरोबरी झाली किंवा हरली तर खाली जाणार. सत्तर मिनिटं झाली होती, दोन्हीकडं शून्य होतं, आणि श्रीरंगरावांचं काम अजून व्हायचं होतं.

ते काम तीन वर्षांपूर्वी सुरू झालं. अशीच शून्य-शून्यवर अडकलेली मॅच, असंच ऊन. कडुबा तेव्हा नुकताच ओळखीचा झालेला. पैठण रोडवरचा चाळीस एकराचा बागाईतदार, मोसंबीची बाग पोरांच्या हवाली करून दर रविवारी बुलेटवर यायचा. त्यानं मागं वळून श्रीरंगरावांकडं एकदा नीट बघितलं आणि म्हटलं, काका, जरा बाहेर जाऊन च्या घेऊन या, जा. श्रीरंगराव गेले. गेटाशी पोचले, लिंबाच्या झाडाखाली चतुराबाईच्या गाड्यापुढं उभे राहिले, ग्लास ओठाला लावला आणि आतून असा काही गजर उठला की हातावर चहा सांडला. पळत आत येईतो सगळं आटोपलेलं. लोक एकमेकांच्या गळ्यात, आणि कडुबा ओरडत होता, काका, तुम्ही गेला आन झाला! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता. पण पुढच्या रविवारी दोन गोलांनी मागं असताना रांगेतली चार डोकी आपोआप मागं वळली, आणि श्रीरंगराव कुणी म्हणायच्या आधीच उठले. त्या दिवशीही एक झाला. मग ते ठरूनच गेलं. सत्तराव्या मिनिटाला ते उठायचे, खालच्या रांगांतले लोक पाय आखडून वाट द्यायचे, कुणी पाठीवर थाप मारायचं, कुणी 'जाओ चाचा, अल्ला मालिक' म्हणायचं, आणि पायऱ्या उतरताना त्यांना खरोखर वाटायचं की आपण कशाच्या तरी कामी येतोय. नेहमीच गोल व्हायचा असं नाही. झाला नाही तर दोष संघाचा. झाला तर श्रेय त्यांचं. इतकी सोयीची नोकरी त्यांनी पस्तीस वर्षांत केली नव्हती.

आणि गेटावर काही वाईट नव्हतं. खरं सांगायचं तर गेटावर बरंच चांगलं होतं. लिंबाची सावली, स्टोव्हची घरघर, ठेचलेल्या आल्याचा वास. चतुराबाई पहिल्या मॅचपासून तिथंच गाडा लावायची. सत्तराव्या मिनिटाला त्यांचा ग्लास भरून ठेवायची आणि वर बशी झाकायची. आतला खेळ दोघंही कानानं बघायचे. श्रीरंगरावांना आवाजांची अक्षरं लागायला लागली होती. चेंडू बारला लागून गेला की लोक एकदम श्वास आत घेतल्यासारखे करतात. बाहेरून गेला की लांबलचक 'अरे' निघतो आणि खाली येत येत विरतो. कीपरनं अडवला की टाळ्या आणि शिव्या बरोबरच येतात. झाला का वं, चतुराबाई विचारायची. नाही, बाहेरून गेला, ते सांगायचे. इंद्रजीत व्हता का, ती विचारायची. दुसरं कोण असणार, ते म्हणायचे. बावन्नचे चौदा गोल त्यांनी असे ऐकले होते. सत्तराव्या मिनिटाच्या आत बावन्ननं कधी गोल केलाच नाही, त्यामुळं पाहिलेला एकही नव्हता. लोक शिकस्त करून मोबाइलवर दाखवायचे, पण ते मान फिरवायचे. आपण ऐकलेला गोल त्या छोट्या काचेत बसायचा नाही असं त्यांना वाटायचं. सुखात होते ते. या सुखाला बाहेरून बघितलं तर ते कसं दिसतं, हे मात्र आजपर्यंत कुणी दाखवलं नव्हतं, आणि ओवीनं बाही धरून नेमकं तेच केलं.

बाही अजून तिच्या मुठीत होती. खाली मैदानावर आपल्या लोकांनी थ्रो-इन समोरच्याच्या पायात फेकला. "किती दिवस चाललंय हे?" ओवीनं विचारलं. तीन वर्षं, असं सांगायला श्रीरंगरावांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की हे खरं नाही. तीन वर्षं नव्हे. वैजापूर. तहसील कचेरीत कारकून असलेल्या वडिलांची भाड्याची दीड खोली, कपाटावर ठेवलेला रेडिओ, त्यावर आईनं विणलेला रुमाल. हॉकीची फायनल. गल्लीतले सात-आठ बाप्ये जमिनीवर बसलेले, आणि नऊ वर्षांचा रंग्या वडिलांच्या मांडीला टेकून. समालोचक इतक्या भराभर बोलत होता की चेंडू त्याच्या तोंडातच असावा. आपण मागं होतो. मग वडील, सदाशिवराव, एकदम म्हणाले, रंग्या, तू बाहेर जा पाहू, पायरीवर बस जा. तो गेला. पायरी तापलेली होती. बसला, आणि आतून पहिला गजर आला, थोड्या वेळानं दुसरा. आणि मग वडील बाहेर येऊन त्याला खांद्यावर घेऊन नाचले. आत्या दारातून हसत म्हणाली, पांढऱ्या पायाचं पोर आहे हो हे, बाहेर गेलं तेव्हा जिंकलात. सगळे हसले. तोही हसला. आत्या बिचारी विसरून गेली असेल त्याच संध्याकाळी. पण काही वाक्यं कुसळासारखी असतात, कपडा कितीदा धुतला तरी निघत नाहीत. ओवी जन्मली तेव्हा ते पैठणला होते, धरणाचे दरवाजे उघडायचे होते म्हणून. एसटीनं धडपडत आले तर सगळं सुखरूप झालेलं, आणि त्यांच्या मनात पहिला विचार आला तो, बरं झालं आपण नव्हतो. तिथून पुढं तर त्यांनी ते व्रतच घेतलं. तिचा दहावीचा निकाल लागला तेव्हा ते कॉलनीच्या कोपऱ्यावर उभे. तिची मुलाखत असली की ते गच्चीवर. घरात कुणाला ते खटकलं नाही. बाप माणूस, असेल इकडं तिकडं.

"माझ्या गॅदरिंगला तुम्ही कधीच आला नाहीत," ओवी म्हणाली. ती मैदानाकडं बघत होती. चिडून म्हणाली नाही. खूप वर्षं जपून ठेवलेली वस्तू खाली ठेवावी तशी म्हणाली.

"आलो होतो."

"आई एकटी होती, बाबा. मी स्टेजवरून बघायची ना."

"दाराबाहेर होतो मी. चौथीत तू झाड झाली होतीस. एकच वाक्य होतं तुला. 'पथिका, बस माझ्या सावलीत.' तू पथिका म्हणालीस आणि पुढचं विसरलीस. आतून कुणी तरी सांगितलं, मग म्हणालीस. बस जरा जोरात म्हणालीस. लोक हसले. मी सगळं ऐकलं."

ओवीची मूठ घट्ट झाली, इतकी की शिलाई करकरली. श्रीरंगरावांना वाटलं होतं की हे सांगितलं की तिला आनंद होईल. आपण होतो, दर वेळी होतो, हे कळेल. पण तिचा चेहरा बघून त्यांना पहिल्यांदाच शंका आली, की दाराबाहेर असण्याला असणं म्हणतात की नाही. वर्षानुवर्षं एक पोरगी स्टेजवरून रिकाम्या खुर्चीकडं बघते आणि बाप भिंतीपलीकडं देव पाण्यात घालून उभा. "बसा," ओवी म्हणाली. श्रीरंगराव बसले. बसले आणि चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला गोल झाला. पाहुण्यांचा. समोरच्या निळ्या जर्सीतल्या एका बुटक्यानं पंचवीस यार्डांवरून सहज म्हणून पाय लावला आणि फकिरा डावीकडं उडाला. चेंडू उजवीकडून गेला.

स्टँडवर अशी शांतता पसरली की पाण्याच्या पाऊचवर पाय पडलेला ऐकू यावा. श्रीरंगरावांचे हात गार पडले. रुमालाचं टोक दातांत कधी आलं ते त्यांना कळलं नाही. सगळी रांग आपल्याकडं बघतेय. बघत नसेल तर मुद्दाम बघत नाहीये. ते पुन्हा उठले. कडुबाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, माझ्यामुळं झालं, चुकलं माझं, जातो मी, अजून पंधरा मिनिटं आहेत. कडुबा वळला. तो काही म्हणायच्या आधी ओवीच बोलली. काका, तुम्ही खरंच मानता का हो हे, असं तिनं त्याला सरळ विचारलं. कडुबानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. एवढा मोठा माणूस शाळेतल्या पोरासारखा चुळबुळला.

"आता काय सांगू ताई," तो म्हणाला. "त्या पहिल्या टायमाला हे असेच रुमाल चावत व्हते. वठ पांढरेफट, हात थरथर करायले. म्हणलं, हा माणूस हितंच आडवा व्हतोय. म्हणून धाडलं बाहेर, की बाबा जरा सावलीत उभा राहील, च्या पील. गोलाचं काय, तो झाला आपला. मंग काकाला आवडाया लागलं, आमाला बी मज्जा वाटाया लागली. काका, राग नका धरू. तुमच्या पायात काय बी नाय. तुमचं जरा काळीज कच्चं हाय, दुसरं काय."

श्रीरंगरावांनी रुमाल तोंडातून काढला. टोक ओलं झालेलं होतं. कांजीची, मळकट सुताची, थोडी खारट अशी ती चव जिभेवर होती, आणि ती चव रुमालाची नव्हती. ती कॉलरची होती. खाकी शर्टाची कॉलर, चावून चावून कडेला दशा निघालेली. रेडिओ चालू आहे, समालोचक धापा टाकतोय, आणि आतल्या दारात पदराला हात पुसत आई उभी आहे, यमुनाबाई. ती म्हणतेय, अहो, ते पोर कॉलर खातंय बघा, रडेल आता, बाहेर पाठवा त्याला. आणि मग वडील. रंग्या, तू बाहेर जा पाहू. आईचं वाक्य कुठं होतं इतकी वर्षं? आत्याचं लक्षात राहिलं, आईचं कसं राहिलं नाही? एकोणपन्नास वर्षं श्रीरंगराव दारांच्या बाहेर उभे होते, आणि त्यांना बाहेर पाठवलं होतं ते फक्त त्यांना रडू येऊ नये म्हणून. पोटातून हसू येतंय की दुसरंच काही, ते त्यांना ठरवता येईना. रागही आला, कुणावर धरावा ते कळेना, म्हणून सवयीनं फकिरावर धरला. मग तोही गेला. ऊन खांद्यावर आलं होतं, खुर्ची पाठीला गरम लागत होती, पोरगी शेजारी होती. ते नीट टेकून बसले. हात अजून गार होते, पण ते त्यांनी ओवीच्या हातात दिले आणि तिनं काही न विचारता घेतले.

सत्त्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. एरवी या वेळी त्यांचा ग्लास अर्धा झालेला असायचा. चेंडू आला, तीन-चार डोकी वर गेली, कुणाला तरी लागला, कुणाच्या तरी पाठीवर आपटला, आणि इंद्रजीत, जो जन्मभर चेंडूच्या पुढं पळाला, तो नेमका घसरून पडत होता. पडता पडता त्याच्या गुडघ्याला चेंडू लागला. समोरचा कीपर दुसऱ्या बाजूला. चेंडू हळू निघाला. इतका हळू, की एखाद्या रांगत्या मुलानं उंबरा ओलांडावा तसा तो पांढऱ्या रेषेवरून पलीकडं गेला आणि जाळीला टेकला. आणि आवाजच नाही. श्रीरंगरावांना वाटलं आपले कान गेले. चौदा गोल त्यांनी ऐकले होते, पण गोल होणं आणि गजर होणं यांच्यामध्ये ही एवढी जागा असते, ज्यात चार हजार माणसं आपण काय बघितलं याची खात्री करून घेत गप्प असतात, हे त्यांना माहीतच नव्हतं. ही शांतता भिंतीपलीकडं पोचतच नाही. मग गजर झाला. कडुबा त्यांच्या अंगावर आला, टोपी पडली, ओवी ओरडत होती, आणि ते मात्र जाळीला टेकलेल्या त्या चेंडूकडंच बघत होते.

"एवढाच असतो?" त्यांनी ओवीच्या कानात विचारलं.

"एवढाच असतो," ती म्हणाली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

बाकी चमत्कार काही झाला नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चार मिनिटं जादा मिळाली, ती फकिरानं गोल किक मारण्यात आणि इंद्रजीतनं ऑफसाइड होण्यात घालवली. शिट्टी वाजली. एक-एक. बावन्न दरवाजे एफसी खालच्या डिव्हिजनमध्ये गेली. खेळाडू मैदानावर बसून राहिले; लोकांनी आधी शिव्या घातल्या आणि मग उभं राहून टाळ्या वाजवल्या, कारण शेवटी आपलेच. कडुबा म्हणाला, खाली गेलो मंजी आता जालन्याला, परभणीला मॅच बघाया जाता येईल, एकादशीच्या घरी शिवरात्र तर तसं का व्हईना. श्रीरंगरावांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ हलवला. आज घरी जाऊन कुणाचाही उद्धार करायचा नाही, असं त्यांनी ठरवलं; पण फकिराचा करावाच लागेल असं पायऱ्या उतरताना त्यांच्या लक्षात आलं. मन हलकं होतं. भलतंच हलकं होतं. एवढं खाली गेल्यावर माणसाला इतकं बरं वाटणं शोभतं का, अशी थोडी लाज वाटली, तीही गेटापर्यंतच टिकली.

लिंबाखाली चतुराबाईच्या गाड्यावर एक ग्लास बशीनं झाकून ठेवलेला होता. तिनं बशी उचलली. चहावर जाड साय धरली होती. आज आला नाय, ती म्हणाली. म्हणलं तब्येत बरी नसंल. आत बसलो होतो, श्रीरंगरावांनी सांगितलं, आणि ही माझी मुलगी, ओवी. चतुराबाईनं ओवीकडं कौतुकानं बघितलं, नवा चहा ठेवला, आलं ठेचता ठेचता विचारलं, आवाज आला तवा झाला ना? झाला. मंग बघितला? बघितला. सहा वर्षं ती या गेटाशी उभी होती. आतल्या किती तरी गोलांना तिनं दूध उतू जाऊ दिलं होतं.

"कसा असतो वं?" तिनं विचारलं.

श्रीरंगरावांनी सांगायला तोंड उघडलं. रेष, गुडघा, जाळी, आणि ती मधली गप्प जागा. सांगून कळण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. "पुढच्या मोसमात शेवटची वीस मिनिटं तुम्ही आत जाऊन बसा," ते म्हणाले. "माझी खुर्ची आहे, आठव्या रांगेतली. गाडा मी सांभाळतो."

ओवीनं विचारलं, तुम्हाला चहा तरी येतो का? शिकेन, असं ते म्हणाले. चतुराबाईनं हातातला बत्ता खाली ठेवला. पदर डोक्यावर ओढला, कपाळापर्यंत, जिथं बरीच वर्षं कुंकू नव्हतं.

"पांढऱ्या कपाळाची बाई म्या," ती म्हणाली. "माझ्या पायानं हरले मंजी?"

"हरू द्या," श्रीरंगराव म्हणाले.